एक वाघीण पाणी

"मॅडम, तुम्हाला पोहता येतं का?"

स्विमिंग पूलचं काम करणाऱ्या मुलानं हे विचारलं, तेव्हा मी भावाच्या प्लॉटवर फक्कीनं आखलेल्या एका मोठ्या चौकोनाच्या मधोमध उभी होते. मार्चचं ऊन, काळ्या मातीला पडलेल्या भेगा, त्यातल्या एकीत माझ्या चपलेची टाच अडकलेली. मुलगा पुण्याहून आलेला, पंचवीस-सव्वीसचा असेल. हातात पन्नास फुटी टेप, कानावर पेन्सिल. त्याला माझ्याबद्दल काही कुतूहल नव्हतं. घरातले पोहणारे किती आणि नुसते पाण्यात बसणारे किती, यावर माप ठरतं म्हणून तो प्रत्येकाला विचारत होता. भाचा म्हणाला, हो. भाची म्हणाली, थोडं थोडं. भावजयीनं नुसती नकाराची मान हलवली. माझी पाळी आली आणि मी म्हणाले, "येतं की."

टेपचं दुसरं टोक धरून बाळू उभा होता. माझा धाकटा भाऊ. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग टेपकडं बघितलं. बोलला काही नाही.

मला पोहता येत नाही. बावन्न वर्षांत गळ्यापर्यंतच्या पाण्यात मी एकदाही उभी राहिलेली नाही. कोकणात गेलो की पोटऱ्या भिजेपर्यंत जाते आणि पर्सा सांभाळायला म्हणून मागं येते. मग त्या परक्या पोरासमोर खोटं बोलायचं काय कारण होतं? घरी येऊन ज्वारी निवडायला बसले तरी ते 'येतं की' डोक्यातून जाईना. खड्याला बोट लागावं तसं सारखं लागत राहिलं.

पूल हा सगळा बाळूचा हट्ट. लातूरच्या गंजगोलाई बाजारात त्याचं डाळीचं दुकान आहे. तीस वर्षं तुरीच्या धुळीत बसून शिंका देणाऱ्या माणसाला एकदा कुठल्याशा हॉटेलात निळं पाणी दिसलं, आणि बार्शी रोडच्या पुढं घेतलेल्या अकरा गुंठ्यांत बंगल्याच्या आधी पुलाची जागा ठरली. आईला त्यानं मोठ्या उत्साहानं सांगितलं, की आपण पूल बांधतोय. आई म्हणाली, "पूल कशाला बांधलालास? इथं नदी कुठं हाय?" समजावून सांगितल्यावर तिनं त्याला हौद म्हणायला सुरुवात केली, आणि मग सगळ्यांच्याच तोंडी हौद बसला. मीही हौदच म्हणते. हौद म्हटलं की निदान जनावरं तरी पाणी पितील असं वाटतं.

हौदाचं माप कसं ठरवायचं, हे त्या पोरानं फार चांगलं सांगितलं. लांबी पोहणाऱ्याची, रुंदी खेळणाऱ्यांची आणि खोली घरातल्या सगळ्यात बुटक्या मोठ्या माणसाची, असं तो म्हणाला. एकट्याला सरळ पोहायला आठ फूट रुंदी पुरते, पण लांबी वीस फूट असली तर चार हात मारले की भिंत येते. कडेनं निदान चार फूट चालायची जागा सोडायची, म्हणजे बारा बाय चोवीसचा हौद जमिनीवर वीस बाय बत्तीस खातो. पाणी काठोकाठ भरून सांडतं तसलं हॉटेलवाणी करायचं असेल, तर सांडलेलं पाणी धरायला शेजारी आणखी एक टाकी लागते. काठाच्या खाली चार-सहा इंच पाणी ठेवलं तर ती लागत नाही. पाणी रोज बदलत नाहीत, तेच वाळूच्या फिल्टरमधून फिरवतात. सहा-आठ तासांत सगळं पाणी एकदा फिरलं पाहिजे, म्हणून हौद जेवढा मोठा तेवढी मोटर मोठी आणि बिल मोठं. आणि शेवटी त्यानं बुटानं माती उकरली. ही काळी माती, सर. उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. मुरूम लागेपर्यंत खणावं लागेल, नाहीतर दोन वर्षांत भिंतीला तडा. बोअरचं पाणी चाखून बघितलं तेव्हा त्याचं तोंड वाकडं झालं. टाइल्सवर क्षारांचे पांढरे थर बसणार, हे त्यानं सांगायची गरज नव्हती. आमच्या घरातल्या प्रत्येक बादलीवर ते बसलेले आहेत.

बाळूला वीस बाय चाळीस पाहिजे होता. एका टोकाला खोल, सूर मारता यावा असा. मुलगा म्हणाला, सूर मारायचा तर आठ-नऊ फूट खोली लागेल, घरात लेकरं आहेत, करू नका. बाळू म्हणाला, "आमी सात परस विहिरीत सूर मारलाय." पोराला परस म्हणजे काय ते कळलं नाही.

परस म्हणजे उभ्या माणसानं हात वर केल्यावर होते ती उंची. आमच्या औसा तालुक्यात विहीर फुटांत कुणी सांगत नसे. पाच परस, सात परस, म्हणजे एकावर एक उभी असलेली, हात वर केलेली सात माणसं जमिनीच्या पोटात. लहानपणी मला तसंच दिसायचं ते, आणि सगळ्यात खालच्या माणसाची दया यायची. आमच्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या, बांधकामातून बाहेर काढलेले दगड होते, त्यावर पाय देत उतरायचं. कपारीत पारवे, वर बाभळीच्या फांदीला सुगरणींचे खोपे लोंबलेले, खाली हिरवंकाळं पाणी आणि त्यावर कधीतरी डोकं काढून जाणारी दिवड, पाणसाप. उन्हाळ्यात वर भट्टी पेटलेली असायची, पण विहिरीच्या तोंडाशी वाकलं की शेवाळाचा ओला गारवा तोंडावर यायचा. इंजिन बंद झाल्यावर त्या गारव्यात थोडा डिझेलचा वास मिसळलेला असे. मला आजही पेट्रोल पंपावर उभं राहिलं की विहीर आठवते.

बाळू तिथं शिकला. आण्णांनी तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा तोंड झाळून, बंद करून आणला होता, तो त्याच्या पाठीला बांधायचे, कमरेला दोर, आणि द्यायचे ढकलून. पहिल्या दिवशी त्याच्या किंकाळीनं पारवे उडाले. आठव्या दिवशी डबा सुटला, पंधराव्या दिवशी तो काठावरून मुटका मारायला लागला, पाणी वरपर्यंत उडायचं. मी थारोळ्यापाशी, मोटेचं पाणी ओतायच्या दगडी जागेपाशी बसलेली, पोरांचे कपडे सांभाळत. मोटा केव्हाच बंद झाल्या होत्या, पण थारोळं होतं, आणि त्या गुळगुळीत दगडावर कपडे आपटायला बरं पडायचं.

मला शिकू दिलं नाही, असं मी पुढं चाळीस वर्षं सांगत आले. शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितलं, लेकीला सांगितलं, महिलादिनाच्या भाषणात तर दोनदा सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. आजी म्हणायचीच, पोरीची जात, उघड्यावर भिजायचं नाही. ते खरं आहे. पण एका दुपारी विहिरीवर आण्णा आणि मी दोघंच होतो. बाळूला ताप होता. आण्णांनी डबा उचलला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "उतरतीस का गं?" आजी वाड्यात होती. आसपास कुणी नव्हतं. मी खाली बघितलं, त्या हात वर केलेल्या माणसांकडं, आणि म्हणाले, "नको, फ्रॉक भिजंल." आण्णांनी डबा खाली ठेवला. पुन्हा कधी विचारलं नाही.

फ्रॉक तर काय, तसाही भिजलेलाच होता, धुणं धुऊन.

तर मुद्दा मापाचा होता. मी गणित शिकवते, गेली सव्वीस वर्षं. हौदाची उदाहरणं हा माझा आवडता धडा. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत, तिसरा रिकामा करतो, तर तिन्ही एकदम सुरू केल्यास. २०१६ च्या मार्चात मी हे फळ्यावर लिहिलं आणि मागच्या बाकावरनं एक पोरगा म्हणाला, "बाई, नळाला पाणी कवा येतंय ते आधी सांगा." अख्खा वर्ग हसला. मी पण हसले, आणि मग खडू ठेवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. त्या महिन्यात लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लागलेली होती. मांजरा धरण कोरडं पडलेलं. आमच्या गल्लीत टँकर यायचा तो आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी, घरटी एक ड्रम. आई बाजेवर बसून अंघोळ करायची, खाली परात. परातीतलं पाणी घमेल्यात, घमेल्यातलं संडासात. तुळशीला भाज्या धुतलेलं. पाहुणे आले की आधी पाणी विचारायची आमची रीत, त्या उन्हाळ्यात आम्ही आधी चहा विचारायला लागलो, कारण चहाला अर्धाच कप लागतो.

१२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची गाडी आली. बाळू स्टेशनवर बघायला गेला होता. पेपरात होतं, दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आईनं मोठ्यानं वाचलं, थांबली, आणि म्हणाली, "वाघिणी?" मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात, हे तिला सत्तरीच्या घरात त्या दिवशी कळलं. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. पाऊस लागेपर्यंत आमच्या घरात पाण्याचा हिशोब वाघिणींवर होता. आज किती वाघिणी आल्या गं, असं आई विचारायची, जसं काही जंगलखात्याचं काम बघते. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी शेवटी असा पाऊस झाला की मांजरा भरलं. मग लोक ते भरलेलं धरण बघायला सहकुटुंब, डबे घेऊन.

प्लॉटवरनं आलेल्या त्या रात्री झोप येईना, तेव्हा मी लाइटच्या बिलामागं हिशोब मांडला. बाळूचा वीस बाय चाळीस, सरासरी पाच फूट खोल. चार हजार घनफूट. एका घनफुटात २८.३२ लिटर. एक लाख तेरा हजार लिटर. मग दुपारी त्या पोरानं मधला मार्ग म्हणून सुचवलेलं माप घेतलं, चौदा बाय अठ्ठावीस, खोली साडेतीन ते साडेपाच, सरासरी साडेचार. १,७६४ घनफूट. ४९,९५६ लिटर. मी पुन्हा गुणाकार केला. दहा वाघिणींत पाच लाख, म्हणजे एकीत पन्नास हजार. चव्वेचाळीस लिटर कमी.

एक वाघीण.

सकाळी मी ते बिल बाळूपुढं ठेवलं. त्याचं दुकानात जायचं चाललं होतं, एक पाय चपलेत. त्यानं वाचलं आणि तो चिडला, आणि खरं सांगते, त्याचं चिडणं मला पटलं. तो म्हणाला, अक्का, गावाकडं आपलं शेततळं तीस बाय तीस मीटर आहे, तीन मीटर खोल. त्यात बावीस लाख लिटर बसतंय. चव्वेचाळीस वाघिणी. त्याला कुणी काही म्हणत नाही. पाटानं पाणी दिलं तर एक एकर उसाला वर्षात जे लागतं, त्यात असले शंभरावर हौद भरतील, आणि तो ऊस आपल्याच चुलत्यांचा आहे. मी बोअरचं पाणी एकदा भरणार, फिरवून फिरवून तेच वापरणार. सगळ्या मराठवाड्याची तहान काय माझ्याच अंगणात मोजायची? आणि बीडची खजाना विहीर सांगतेस ना वर्गात पोरांना, सगळा खजिना त्या एका विहिरीवर खर्च झाला म्हणून? माझा पण होऊ दे की थोडा.

ती विहीर गावाच्या शेतीसाठी होती, असं मी म्हणणार होते. म्हणाले नाही. कारण बाळूच्या बोलण्यात ऊस होता, शेततळं होतं, पण डोळ्यांत तो झाळलेला डबा दिसत होता. आमची ती विहीर आता आटलीये. आजूबाजूला बोअर झाले, पाचशे-सातशे फुटांचे, आणि सात परसांतलं पाणी खालच्या खाली निघून गेलं. लोकांनी आत कचरा टाकलाय, कपारीत पारवे मात्र अजून आहेत. बाळूच्या पोरांनी पोहणं शिकायचं कुठं? शेततळ्यात शिकवायचं नाही हे आमच्याकडं लहान पोराला पण कळतं. तळाला अंथरलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, आत घसरलेलं माणूस काठ दिसत असून वर येत नाही. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावाची तसली बातमी येतेच.

मग मी दुसरं काढलं. वाफेचं. चौदा बाय अठ्ठावीस म्हणजे छत्तीस चौरस मीटरचा उघडा पृष्ठभाग. मे महिन्यात आपल्याकडं दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडून जातं, म्हणजे रोज तीनशे लिटरच्या आसपास. दीड ड्रम. सूर्याला. रात्री झाकण ओढलं तर कमी होईल, पण दुपारचं काय करशील? खोलीनं वाफ वाढत नाही, वाढते ती लांबी-रुंदीनं. हे मी शिक्षिकेच्या आवाजात बोलले असणार, कारण भाची हळूच वही उघडून बसली.

बाळू दुसरी चप्पल घालून गेला.

चार दिवसांनी नवीन नकाशा आला, तेव्हा त्यावर बारा बाय चोवीस होतं. तळ सपाट. मी विचारलं, तर म्हणाला, काळ्या मातीत खोदाईचा खर्च फार होतोय. बिलामागचा हिशोब त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. नंतर भावजयीनं सांगितलं की ते बिल दुकानात गल्ल्याच्या काचेखाली आहे. बिल भरायचं होतं म्हणून ठेवलं असेल. तारीख उलटून गेली होती, दंडासकट भरलं.

आईला वाटतं हौद व्हावा. हे मला अपेक्षित नव्हतं. परातीत अंघोळ केलेली बाई, ती नको म्हणेल म्हणून मी तिच्या जिवावर उड्या मारत होते. पण ती म्हणाली, "लई वर्सं पाणी राखलं. आता एकदा पाय सोडून बसू दे." आणि थोड्या वेळानं, "लेकरं घाण तर करणार नाहीत ना त्यात?" बहात्तरच्या दुष्काळात ती रोजगार हमीवर खडी फोडायला गेली होती, नवीन लग्न झालेलं. सुकडी खाऊन दिवस काढलेले. तिच्याकडनं पाण्याच्या काटकसरीचं एखादं वाक्य मिळेल आणि बाळूच्या तोंडावर मारता येईल, अशी माझी आशा होती. ती तिनं पायावर पाय टाकून धुळीला मिळवली.

गेल्या रविवारी खोदाई सुरू झाली. जेसीबीनं काळी माती काढली. खाली पांढुरका, मग पिवळसर मुरूम लागला. खड्ड्यातनं ओल्या मातीचा वास येत होता, पाऊस नसताना. पुण्याचा मुलगा वही घेऊन उभा. बाकी सगळं ठरलं होतं, खोली तेवढी राहिली होती. तो म्हणाला, घरात पोहणारे तीन आहेत, मॅडम धरून, तर साडेचार करूया का? पोहायला बरं पडतं.

मी खड्ड्याच्या काठावर होते. माझी उंची पाच फूट एक इंच. साडेचार फूट पाणी म्हणजे माझ्या हनुवटीला. हा हिशोब मी चौकोनात उभी होते त्या दिवशीच केला होता, खोटं बोलल्यावर दोन सेकंदांत.

बाळूनं टेप उचलली. माझ्याजवळ आला. टेपचं टोक त्यानं चपलेच्या टोकानं माझ्या पायाशी मातीत दाबून धरलं आणि पट्टी वर ओढत म्हणाला, "अक्का, कुठपत्तोर?"

मी हात आडवा धरला. काखेशी. जरा वर नेला, पुन्हा खाली आणला.

"इथपत्तोर."

त्यानं वाकून आकडा बघितला. "तीन फूट दहा इंच."

"सर, असं माप नसतं," मुलगा म्हणाला. "चार धरू?"

"तीन दहा लिही," बाळू म्हणाला.